पराभवाचे दफ्तर

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याचा हिशेब मराठी माणूस अजून मांडतो आहे. बखरकारांनी तो आपल्या परीने मांडला. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचाच. आणि त्याच्या प्रस्तावनेत पराभवाची कारणे तपासली. पुढे शेजवलकरांनी तो सारा हिशेब नव्याने केला. भाऊसाहेब चुकले की होळकर, बुणग्यांचे लोढणे नडले की उत्तरेतले राजकारण, हे वाद संपलेले नाहीत आणि संपूही नयेत. परंतु हे वाद होऊ शकले याचे कारण एकच: कागद उरले, आणि ते वाचायला मिळाले.

याच्याशी आपल्या अगदी अलीकडच्या एका पराभवाची तुलना करून पाहावी. २० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी सैन्याने सातव्या ब्रिगेडवर हल्ला केला आणि काही तासांत ती ब्रिगेड मोडली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिला ही ठाणी पडली. त्याच वेळी लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढत होती. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून रूढ झाले. सह्याद्रीने तिथे जाऊन नेमके काय पाहिले, हे मात्र आपण फारसे विचारले नाही.

नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी पराभवाची चौकशी दोन अधिकाऱ्यांकडे सोपवली. एक लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि दुसरे ब्रिगेडिअर प्रेमिंद्रसिंग भगत, दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. १९६३ च्या मध्यास त्यांचा अहवाल तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यासंबंधी निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरील प्रभाव, असे चौकशीचे विषय त्यांनी सांगितले आणि त्रुटी आढळल्याचे मान्यही केले. मूळ अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. तो उघड केल्यास सुरक्षेला धोका पोचेल आणि सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, ही त्यांची भूमिका होती.

१९६३ साली ही भूमिका समजण्यासारखी होती. शत्रू समोर होता, सैन्य खचलेले होते, सीमा आखलेली नव्हती. शिवाय अहवाल गुप्त राहिला म्हणून सैन्य काहीच शिकले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्वतीय युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभ्या राहिल्या. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनची वायुसेना असे लक्ष्य ठेवून पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. बूट, बंदुका, रस्ते आणि कवायत यांचे धडे आपण गिरवले.

गिरवला गेला नाही तो धडा वेगळाच होता. चौकशी करणाऱ्यांना लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरू नये असे बजावलेले होते. मंत्रालय आणि मंत्रिमंडळ तर कक्षेबाहेरच होते. म्हणजे नामका चूच्या काठी जवान कमी दारूगोळ्यानिशी आणि पुरेशा गरम कपड्यांविना का उभा होता हे विचारता येत होते. त्याला तिथे उभे करण्याचा निर्णय दिल्लीत कोणी, कोणत्या माहितीवर आणि कोणाचा सल्ला डावलून घेतला, हे विचारता येत नव्हते. वायुसेनेचा आक्रमक वापर का केला नाही, हा प्रश्नही त्याच बंद दाराआड राहिला. आणि जिथे कागद नसतात तिथे दंतकथा माजतात. कोणाच्या मते सारे पाप कृष्ण मेनन यांचे, कोणाच्या मते जनरल कौलांचे, कोणाच्या मते एकट्या नेहरूंचे. माणसे दोषी ठरली की व्यवस्था निर्दोष सुटते.

आता १९९९ कडे वळू. बटालिकच्या डोंगरांत घुसखोर दिसल्याची पहिली बातमी मेंढपाळांकडून आली ती मेच्या आरंभी. वायुसेनेचे हल्ले सुरू झाले २६ मे रोजी. मधल्या दिवसांत हेलिकॉप्टरांच्या वापरावरून लष्कर आणि वायुसेना यांच्यात मतभेद झाले, हे तेव्हाच्या दोन्ही दलप्रमुखांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. २६ जुलैला युद्ध संपले तेव्हा पाचशेहून अधिक भारतीय जवान कामी आले होते. त्यानंतर तीन दिवसांनी, २९ जुलैला, सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २३ फेब्रुवारी २००० रोजी संसदेत ठेवला गेला आणि पुस्तकरूपाने बाजारातही आला. काही मजकूर त्यातून गाळला होता. पण भारतीय नागरिकाला आपल्या एका युद्धाची सरकारी चिकित्सा विकत घेऊन वाचता आली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या अहवालात एक निरीक्षण आहे, ते १९६२ च्या बंद दफ्तरावर जाऊन आदळते. समितीचे म्हणणे असे की, स्वातंत्र्याच्या वेळी लॉर्ड इस्मे यांनी उच्चस्तरीय संरक्षण व्यवस्थेचा जो आराखडा सुचवला, त्यात बावन्न वर्षांत फारच थोडा बदल झाला. बासष्टची नामुष्की, पासष्टची बरोबरी आणि एकाहत्तरचा विजय, यांपैकी कशानेही तो चौकटीबाहेर गेला नाही. १९६३ च्या चौकशीला जिथे जाण्यास मज्जाव होता, तीच जागा छत्तीस वर्षांनंतर जशीच्या तशी सापडली. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. जे तपासले जात नाही ते बदलत नाही.

शेजाऱ्याचे उदाहरणही बोलके आहे. १९७१ च्या पराभवानंतर पाकिस्तानने न्यायमूर्ती हमुदूर रहमान यांचा आयोग नेमला. त्याने राज्यकर्त्या सेनानींवर कठोर ठपका ठेवला, आणि अहवाल कुलूपबंद झाला. २००० साली त्याचा भाग भारतात छापला गेला, तेव्हा कुठे त्या सरकारने तो खुला केला. तोवर कारगिल घडून गेले होते. मूठभर सेनानींनी आखलेले आणखी एक साहस. याउलट १९७३ च्या युद्धात गाफील सापडलेल्या इस्राएलने आग्रानात आयोग नेमला आणि त्याचा अंतरिम अहवाल एप्रिल १९७४ मध्येच प्रसिद्ध केला. बाकीचा भाग त्यांनीही दीर्घकाळ गुप्त ठेवला. म्हणजे गुपित राखणे आणि हिशेब देणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

खुला अहवाल म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही खरे. कारगिल अहवालानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ साली तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख असावा अशी शिफारस केली. जनरल बिपिन रावत त्या पदावर आले १ जानेवारी २०२० रोजी. डिसेंबर २०२१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाल्यावर ते पद सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत रिकामे राहिले. पण 'अठरा वर्षे झाली, अजून का नाही?' असे विचारता आले, कारण शिफारस छापील होती. बासष्टच्या बाबतीत असा मापदंडच आपल्या हाती नाही.

त्या अहवालाचे पुढे काय झाले? २०१० साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की त्यातील मजकूर अत्यंत संवेदनशील असून आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने मोलाचा आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर ठेवला. त्याच वर्षी सरकार बदलले. नव्या संरक्षणमंत्र्यांनीही तो खुला करणे राष्ट्रहिताचे नाही असेच उत्तर दिले. पक्ष बदलले, कुलूप तेच राहिले. जो मजकूर जगभर वाचता येतो तो आपल्याच सरकारच्या लेखी गुप्त आहे, या स्थितीत कोणती सीमा सुरक्षित होते हे समजणे कठीण आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे धोरण जाहीर केले: युद्धाचा इतिहास पाच वर्षांत सिद्ध व्हावा आणि कागद सामान्यतः पंचवीस वर्षांत खुले व्हावेत. त्यात सुब्रह्मण्यम समितीच्या शिफारशीचा उल्लेखही आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. 'सामान्यतः' या शब्दात बासष्ट बसते की नाही, यावर त्याची किंमत ठरेल.

कारण प्रश्न केवळ इतिहासकारांच्या सोयीचा नाही. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले, ते त्याच न आखलेल्या सीमेवर. पुढच्या वेळी एखादी ब्रिगेड एखाद्या नदीकाठी उभी करण्याचा हुकूम सुटेल, तेव्हा तो देणाऱ्याच्या मनात एवढी धास्ती तरी असावी की या कागदावर माझे नाव आहे आणि तो एक दिवस वाचला जाईल. पानिपतानंतर अडीचशे वर्षांनी आपण सदाशिवरावभाऊंना जाब विचारू शकतो. बासष्टनंतर साठ वर्षे उलटली तरी नामका चूच्या जवानाच्या वतीने तो विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही.