मराठी आणि कानडी : नातें कीं शेजार ?

तुळजापूर तालुक्यांतील अणदूर आणि नळदुर्गाजवळचें मैलारपूर हीं खंडोबाचीं जोडस्थानें होत. देवाचें वास्तव्य वर्षांतील कांहीं काळ एका ठिकाणीं व उरलेला काळ दुसऱ्या ठिकाणीं असतें. मराठी भक्ताचा जो खंडोबा, तोच कानडी भक्ताचा मैलार. 'येळकोट' हा घोष कानडी 'एळु कोटि', म्हणजे सात कोटि, या शब्दांपासून आला असें अभ्यासक सामान्यतः मानतात. यावरून कोणी विचारील कीं, जेथें देवाचा घोषच कानडी, तेथील मराठी ही मुळांत कानडीची लेक नसेल कशावरून ? हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची वांटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत व गुलबर्गा, रायचूर, बिदर हे जिल्हे म्हैसूर राज्यांत गेले. तेव्हांपासून शब्दांच्या व्युत्पत्ति जमिनीच्या सनदांसारख्या पुढें करण्याची चाल दोन्ही बाजूंस पडली आहे. म्हणून या पुराव्याची किंमत काय, हें येथें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दसंग्रह पाहूं. अण्णा, अक्का, अप्पा हे घरांतले शब्द. तूप हा स्वयंपाकघरांतला. 'हुडकणें' हें रोजच्या वापरांतलें क्रियापद. कानडींत यांचे जोडीदार अण्ण, अक्क, अप्प, तुप्प आणि हुडुकु असे आहेत. ही देवघेव अलीकडची नव्हे. 'तुप्प' हा शब्द प्राकृतांतहि आढळतो. उलट दिशेनें पाहतां, धारवाड-बेळगांवकडे ज्यांच्या घरांत कानडी बोलतात अशीं देशपांडे, देसाई आडनांवांचीं वतनदार घराणीं पुष्कळ आहेत. परंतु शब्द हे बाजारांतल्या नाण्यांसारखे असतात. ते ज्याच्या हातीं सांपडतील त्याच्या कुळाचा दाखला देत नाहींत.

याचें दूरचें उदाहरण उपयोगी पडेल. मलायी भाषेंत भाषा, गुरु, राजा, नाम हे संस्कृत शब्द रुळले आहेत, म्हणून तिला कोणी संस्कृतकन्या म्हणत नाहीं. जावाच्या ईशान्येस असलेल्या मदुरा बेटाची भाषा मात्र तिची सगोत्र आहे. चार, पांच, सहा यांस मलायींत 'अंपत, लिमा, अनम' म्हणतात, तर मदुरींत 'अंपा, लेमा, अन्नम' म्हणतात. कुळाचा शोध अशा मूलभूत शब्दांत घ्यावयाचा असतो. हीच कसोटी येथें लावूं. दोन, तीन, चार, पांच, सात हे द्वि, त्रि, चतुर्, पञ्च, सप्त यांचे वंशज आहेत, हें उघड आहे. कानडीचे एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, एळु हे तमिळाशीं जुळतात. देवासमोर 'येळकोट' म्हणणारा मराठी भक्त घरीं येऊन धान्य मोजतांना 'सात'च म्हणतो. घोष उसना आला, पण गणति उसनी आली नाहीं.

क्रियापदांचीहि साक्ष तशीच आहे. 'मुलीनें आंबा खाल्ला' या वाक्यांत क्रियापद आंब्याच्या लिंगाप्रमाणें चालतें. कानडी 'हुडुगि माविनहण्णु तिंदळु' यांत तें मुलीप्रमाणें चालतें. आमची रचना संस्कृतांतील 'बालिकया फलं खादितम्' या कर्मणि प्रयोगाची सरळ वारस आहे.

मग कानडीचें ऋण शब्दांपुरतेंच काय ? तसें नाहीं, आणि आमच्या मतें या विषयाचें खरें मर्म येथेंच आहे. 'हें सोनें नव्हे' आणि 'येथें सोनें नाहीं' असे दोन निषेध आपण वेगळे ठेवतों. कानडी 'अल्ल' व 'इल्ल' यांनीं नेमका तोच भेद दाखविते. 'मला नको' याचें 'ननगे बेड' हें पदोपदीं भाषांतर होतें. 'येतों म्हणून सांगितलें' यांतील 'म्हणून' आणि कानडी 'एंदु' हीं दोन्हीं 'म्हणणें' या अर्थाच्या धातूंचीं रूपें असून दोहोंचें काम एकच. येथें शब्द ज्याचे त्याचे, पण सांचा सामाईक. सांगली जिल्ह्यांतील कुपवाड गांवच्या बोलींचा अभ्यास गंपर्झ व विल्सन यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतहि हेंच दिसून आलें कीं, पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदलेल्या मराठी, कानडी व उर्दू बोलींची वाक्यरचना जवळजवळ एक झाली, परंतु शब्द वेगळे राहिले.

मात्र सांचा जुळला कीं लगेच ऋण ठरविणेंहि बरोबर नाहीं. 'आपण' व 'आम्ही' हा भेद द्राविडी म्हणून दाखवितात. पण गुजरातींतहि तो आहे, आजच्या कानडींत नाहीं, आणि मलायी भाषेंत 'किता' व 'कामी' या रूपांनीं तो स्पष्ट आहे.

शिलालेखांची साक्षहि याला पोषक आहे. श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायाशीं एकच आशय मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत कोरला आहे. एकींत 'करवियलें', दुसरींत 'माडिसिदं'. तेथेंच गंगराजानें 'सुत्ताले' करविल्याचा मराठी उल्लेख आहे. 'सुत्ताले' यांतील 'सुत्तु', म्हणजे भोंवतीं, हा कानडी शब्द. क्रियापद मात्र निखळ मराठी.

राहतां राहिला सीमेचा प्रश्न. नवव्या शतकांतील 'कविराजमार्ग' कानडी देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. त्या हिशेबानें अणदूर कानडी देशांत पडतें. पण राजसभेंतील ग्रंथाची सीमा ही प्रत्येक गांवच्या बोलीची मोजणी नव्हे. ग्रामनामांतील 'ऊर' हा अंशहि सावधपणें घ्यावा. तो कानडी 'ऊरु' असूं शकतो, तसाच 'पुर' याच्या प्राकृत 'उर' रूपाचाहि असूं शकतो. राष्ट्रकूटांच्या 'लट्टलूरपुरवराधीश्वर' या बिरुदांत तर दोन्ही एकाच नांवांत आले आहेत.

सारांश, मराठी कुळानें प्राकृताची आहे आणि कानडीशीं तिचा सहवास शेजाऱ्याचा, पण वाक्याच्या सांच्यापर्यंत पोंचलेला, आहे. अशा सहवासाचा पुरावा कोणाच्याहि हद्दीची सनद होऊं शकत नाहीं. तो दोन्ही भाषा बोलणारे एकत्र नांदल्याचा पुरावा आहे. या भागांतील वाचकांनीं शेतांचीं, ओढ्यांचीं व शिवारांचीं जुनीं नांवें आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडचीं वाक्यें टिपून ठेवावीं, अशी आमची विनंति आहे. असा संग्रह हातीं आल्याशिवाय पुढील निर्णय करितां येणार नाहीं.