हौद कशानं बाटतो?

रमजानच्या आदल्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा हौद उपसला जायचा. मासे बादल्यांत काढायचे, तळाचा गाळ घमेल्यांनी बाहेर टाकायचा, भिंतींवरचं शेवाळ काथ्यानं घासायचं आणि मग नवं पाणी भरायचं. शेवटी बांगीसाहेब टीसीएल पावडर बादलीत कालवून ठेवत. चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी हौदात ओतत. मासे चार-पाच दिवसांनी, वास पुरता गेल्यावरच परत सोडायचे. एका वर्षी एका बुजुर्गांनी हरकत घेतली. पाण्याला वास आलाय, आता यावर वुजू होतो का? इमामसाहेब म्हणाले, "चाचा, साबणानं हात धुतल्यावर हात नापाक होतात का?"

प्रश्न हसण्यावारी गेला, पण तो अडाणी नव्हता. पाणी कधी बिघडतं याचा विचार फिकहनं फार बारकाईनं केलाय आणि रंग, चव, वास हीच त्याची कसोटी आहे. हनफी मसलकात 'दह दर दह'चा नियम आहे. दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदातलं साचलेलं पाणी वाहत्या पाण्यासारखं मानायचं. त्यात घाण पडली तरी या तीन गोष्टींपैकी एक बदलेपर्यंत पाणी पाकच. जुन्या मशिदींचे हौद एवढे प्रशस्त का, याचं एक उत्तर इथं आहे. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांचं माप वेगळं. दोन कुल्ले, म्हणजे ढोबळमानानं दोनशे लिटर पाणी पुरे. साचलेल्या पाण्यात लघवी करून मग त्यातच अंघोळ करू नका, अशी मनाई हदीसमध्ये आहे. हौदाच्या कडेनं जी पन्हळ असते तीही यासाठीच. तोंडातलं, नाकातलं, पायावरचं पाणी तिच्यात पडावं, हौदात परत जाऊ नये.

आता पाक या अर्थानं झालेली पावडरसारखी वस्तू पाण्यात मिसळली तर? पाण्याचं पातळपण आणि पाणीपण शाबूत असेल तर हनफींच्या मते वुजू होतो. किरकोळ बदलाला शाफईही हरकत घेत नाहीत. म्हणजे चाचांचा वुजू झाला होता.

अडचण दुसरीकडे होती. पटकीच्या जंतूला रंग नाही, चव नाही, वास नाही. 1883 च्या डिसेंबरमध्ये रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आला आणि पुढे 1884 मध्ये तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला हे जंतू सापडले. तळं बघणाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. तहारत आणि निर्जंतुकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण आजही नीट कबूल करत नाही. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप आलीच, असं धरून चालतो.

क्लोरीन शेलेनं 1774 मध्ये स्वीडनमध्ये वेगळा काढला. (प्रत्येक शोध जाबिर बिन हय्यानच्या नावावर लावणारे मेसेज मलाही येतात. हा त्याचा नाही. त्याचं मोठेपण त्यावाचून अडत नाही.) शंभर वर्षं त्याचा मुख्य उपयोग कापड पांढरं करायला झाला. इंग्लंडमध्ये लिंकन शहरात 1905 मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा अलेक्झांडर ह्यूस्टननं शहराच्या पाण्यात तो सतत सोडायला सुरुवात केली. 1908 मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लीलनं कुणाला न विचारताच तो घातला. प्रकरण कोर्टात गेलं. पाण्यात विष घालता का, असाच सूर होता. लील जिंकला. दोनेक वर्षांतच ब्राऊन विद्यापीठाच्या तलावात पोहण्याच्या पाण्यावर हाच प्रयोग झाला.

हिशेब अगदी घरगुती आहे. दहा हात म्हणजे पंधरा फूट. पंधरा बाय पंधरा हौद, चार फूट खोल, की झालं साधारण पंचवीस हजार लिटर पाणी. ग्रामपंचायतीचा शिपाई हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल धरतो. म्हणजे हौदाला सव्वाशे ग्रॅम पुरते. पोहण्याच्या तलावात दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन सतत राखावा लागतो. ऊन तो खातं, माणसं तो खातात. आणि तलावावर जो उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तो क्लोरीन जास्त झाल्यामुळे नव्हे. क्लोरीन आपल्या घामाशी आणि लघवीशी मिसळून जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास असतो. अंघोळ करूनच पाण्यात उतरा, ही पाटी त्यासाठी आहे.

पाणी 'शुद्ध' करण्याचा एक वेगळाच प्रयोग याच काळात आपल्या महाराष्ट्रात झाला. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं 1924 मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. मुसलमान, ख्रिस्ती तिथं पाणी भरत होतेच. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सोबती त्या तळ्याचं पाणी प्यायले. त्यावर मारहाण झाली. मार चुकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर सवर्णांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या 108 घागरींनी तळ्याची शुद्धी केली. ज्या पाण्यात काहीच पडलं नव्हतं त्यात शेण पडलं. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच.

पण मग पुढचीही सांगायला हवी. 1934 मध्ये बाबासाहेब तीसेक सोबत्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. महिना रमजानचा. वेशीजवळ काठोकाठ भरलेला छोटा हौद होता, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या मंडळींनी तिथं हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान मागून धावत आला. या लोकांनी हौद बाटवला, असं तो ओरडत होता. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय.

कुठल्या किताबातून आली ही ओरड? माणसाचं उष्टं पाणीसुद्धा पाक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे फिकहच्या पहिल्या धड्यांत मुलांना शिकवतात. रंग बदलला नव्हता, चव नाही, वास नाही. दोन कुल्ल्यांनी मोजा नाहीतर दह दर दहनं, मैलानं बिघडण्याचा नियम माणसाच्या हाताला लागतच नाही. तो म्हातारा जे माप वापरत होता ते महाडच्या 108 घागरींचं होतं.

तुमचा धर्म हेच शिकवतो का, अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या हौदावर अडवाल का, असं बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी त्यांना गड बघायला सोडलं, पण वर कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि ते शिवत नाहीत ना हे बघायला सोबत एक हत्यारी शिपाई दिला.