प्रसववेदना : रूपक आणि साक्ष

आपल्या समीक्षेत ‘प्रसववेदना’ हा शब्द जितक्या सढळ हाताने वापरला जातो, तितका तो प्रसूतिगृहातही वापरला जात नसेल. कवीला कविता सुचताना प्रसववेदना होतात, कादंबरीकार वर्षानुवर्षे त्या सोसतो, आणि नव्या युगाचा जन्मदेखील त्यांच्यावाचून होत नाही. हे रूपक जुने आहे. विद्वानाचे परिश्रम विद्वानच जाणतो, वंध्येला प्रसूतीची वेदना काय कळणार, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत पाठ केले असेल. या सुभाषिताचा आधार घेणारा विद्वान बहुधा पुरुष असतो, आणि म्हणून तो स्वतः त्या वेदनेला वंध्येइतकाच परका असतो, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

हा दोष मी केवळ इतरांच्या पदरी बांधीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अनुवादाच्या प्रस्तावनेत मीही हेच रूपक योजिले होते, आणि तेही दोन बाळंतपणे होऊन गेल्यावर. देहाने जे जाणले होते ते लिहिताना मला आठवले नाही. आठवले ते सुभाषित. अनुभव आपला आणि भाषा परक्याची, असे का व्हावे, या प्रश्नातून प्रस्तुत लेख निघाला आहे. प्रसूती स्त्रीला कशी जाणवते याची साक्ष कोठे कोठे उरली आहे, आणि ती कोणाच्या शब्दांत उरली आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पहिली साक्ष चरकसंहितेतील होय. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसूती जवळ आल्याची लक्षणे दिली आहेत. अंगे गळून जातात, मुख म्लान होते, डोळे शिथिल होतात, कूस खाली उतरते. खालच्या भागी जडपणा येतो. जांघा, बस्ती, कंबर, बरगड्या आणि पाठ यांत टोचल्याप्रमाणे दुखते. अन्नाची इच्छा उरत नाही. त्यानंतर ‘आवी’ म्हणजे वेणा सुरू होतात. या यादीत आणखी एक लक्षण आहे : छातीचे बंधन सुटल्यासारखे वाटणे. मूळ वाक्यात येथे ‘इव’ हे अव्यय आले आहे. म्लान मुख वैद्याला दिसते, उतरलेली कूसही दिसते. परंतु बंधन सुटल्या‘सारखे’ वाटणे हे डोळ्यांना दिसत नाही, नाडीत सापडत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. गर्भ खाली सरकला की श्वास मोकळा होतो, हे आजचे प्रसूतिशास्त्रही मान्य करते. त्या एका ‘इव’मध्ये कोणा अनामिक स्त्रीचा शब्द शास्त्रात शिरला आहे, असे मला वाटते.

त्याच अध्यायात सूतिकागृहात कोणी असावे, हेही सांगितले आहे. अनेक वेळा प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, विषाद न करणाऱ्या आणि क्लेश सोसू शकणाऱ्या स्त्रिया तेथे असाव्यात. वेण आली नसता जोर करू नकोस, तो जोर व्यर्थ जातो आणि अपत्याला अपाय करतो, ही शिकवण प्रसूत होणारीला त्यांनीच द्यावयाची आहे. प्रसूती लांबली तर तिने मुसळ घेऊन धान्य कांडावे, असे एक मत तेथे नोंदविलेले असून आत्रेयांनी ते स्पष्टपणे खोडून काढले आहे. म्हणजे प्रसूत होणाऱ्या स्त्रीला काय सोसवेल, हा त्या काळीही वादाचा विषय होता. वाद शास्त्रकारांचा होता. ज्ञान मात्र त्या बहुप्रसवा स्त्रियांपाशी होते, आणि त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

दुसरी साक्ष दूरची, स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरीतील आहे. परंतु तिचा संबंध थेट अनुवादाशी असल्यामुळे ती येथे अप्रस्तुत ठरू नये. जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ साली प्रसूतीत प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. स्त्रीने यातनांसह मुलांना जन्म द्यावा असा ईश्वरी शाप बायबलच्या उत्पत्तिग्रंथात आहे. तेव्हा त्या यातना शमविणे हे पाप होय, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून त्याला उत्तर दिले, आणि ते वैद्याला साजेल त्याहून अधिक अनुवादकाला साजेल असे होते. ज्या हिब्रू शब्दाचा अर्थ यातना असा घेतला जातो, त्याच धातूपासून आलेला शब्द पुढच्याच वचनात आदामाच्या शेतीकष्टांसाठी येतो. त्याचा अर्थ श्रम असा आहे, असे त्यांचे म्हणणे. शाप अक्षरशः पाळावयाचा, तर शेतकऱ्यानेही आपला घाम वाचविण्यासाठी बैल जुंपता कामा नये. एका धातूचा अर्थ ‘यातना’ करावा की ‘श्रम’, या प्रश्नाशी असंख्य स्त्रियांच्या देहाचे सुखदुःख जोडले गेले. पुढे १८५३ साली राणी व्हिक्टोरिया हिने जॉन स्नो यांच्याकडून प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म घेतले व रोजनिशीत त्याविषयी समाधान नोंदविले, तेव्हा या उपायाला प्रतिष्ठा मिळाली. हव्वेच्या शापावर पंडितांनी वाद घालावा, आणि प्रसूत झालेलीचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकिले जावे, तेही ती राणी असली तर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वेदना शमविणे आणि साक्ष पुसणे यांत अंतर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन व स्कोपोलामिन देऊन प्रसूती करण्याची पद्धती प्रसिद्धीस आली. तिच्यात वेदना पुरती नाहीशी होत नसे. नाहीशी होत असे ती वेदनेची स्मृती. स्त्री ओरडे, आणि जागी झाल्यावर तिला त्यातले काही आठवत नसे. नंतर १९३३ साली इंग्लंडमधील ग्रँटली डिक-रीड यांनी भयामुळे शरीर ताठरते व ताठरल्यामुळे वेदना वाढते, असा विचार मांडला. त्यात तथ्य होते. परंतु त्याला जोडून असाही समज होता की, ‘आदिम’ समाजातील स्त्रीला बाळंतपण सोपे जाते. हा समज परकीयांपुरता नाही. शेतात बाळंत झाली आणि पुन्हा खुरपे हाती घेतले, अशी कौतुककथा आपणही सांगतो. त्या कौतुकात कष्टकरी स्त्रीला दुखतच नाही, असा एक सोयीचा निष्कर्ष दडलेला असतो.

त्या निष्कर्षाला मराठीत सडेतोड उत्तर मिळाले ते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये. १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आणि २००८ साली माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादामुळे देशभर पोहोचलेल्या या आत्मकथनात महार वस्तीतील बाळंतपणे आहेत. तेथे वेण एकटी येत नाही. कोवळे वय, अजाण हातांची हाताळणी, लाज राखण्यापुरत्या चिंध्या आणि बाळंतिणीच्या पोटातली भूक, हे सारे तिच्याबरोबर येते. वेदना ही देहाची असली तरी तिची तीव्रता समाजाने ठरविलेली असते, हे मला कोणत्याही शास्त्रग्रंथाहून या पुस्तकाने अधिक स्पष्टपणे शिकविले. याच्या शंभर वर्षे आधी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्या स्वतः प्रसूत झाल्या होत्या, आणि त्यांचे मूल दहा दिवसच जगले होते. प्रबंधासाठी तो अनुभव विषय होऊ शकत नव्हता; बेबीताईंच्या हाती तो विषय होऊन आला. या दोन सालांमधील अंतर हाच मराठी स्त्रीच्या साक्षीचा इतिहास होय.

ग्रंथांच्या आधी आणि ग्रंथांबाहेर जी साक्ष टिकली, ती बोलीत. ‘वेणा’ हे ‘वेदना’चेच घासून घासून झालेले घरगुती रूप. मराठीत स्त्रीला वेणा येतात, तशाच ती वेणा ‘देते’ही, येथे वेदनेची ती कर्ती आहे. प्रसूती थांबली की ती ‘अडते’, पार पडली की तिची ‘सुटका’ होते, ती ‘मोकळी’ होते. सुटकेनंतर घरातील वडीलधाऱ्या बायका बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे म्हणत, त्यात अलंकार नव्हता. मृत्यू उंबऱ्याशी येऊन गेल्याची ती नोंद होती. ‘कळ’ या शब्दाचे मात्र काहीसे विपरीत झाले. कळ म्हणजे येणारी, वाढणारी आणि ओसरणारी वेदना. पण ‘जरा कळ काढ’ याचा अर्थ धीर धर, वाट पाहा असा झाला. वेदनेच्या शब्दाचा भाषेने उपदेश केला, आणि तो ऐकण्याची पाळी बहुधा स्त्रीवरच आली.

शास्त्राला या शब्दांकडे परत यावे लागले, हे विशेष होय. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात २० गटांत विभागलेली ७८ विशेषणे आहेत. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीची वेदना अतितीव्र वेदनांत मोडते. पहिलटकरणीला ती सरासरीने अधिक होते. पूर्वशिक्षणाने ती काहीशी उतरते, पण जात नाही. आणि स्त्रीस्त्रीगणिक तीत फार फरक असतो, असे त्यांना आढळले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिसमयी स्त्रीच्या पसंतीची सोबतीण वा सोबती असावा, अशी शिफारस केली. चरकाच्या सूतिकागृहातील त्या बहुप्रसवा स्त्रिया अशा रीतीने परत आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पुन्हा रूपकाकडे. लेखकाला क्लेश होत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. परंतु लेखक लेखणी खाली ठेवू शकतो. वेणा सुरू झालेल्या स्त्रीला उठून जाता येत नाही. दोन वेणांच्या मधे जी विलक्षण शांतता असते, जिच्यात मी माझ्या पहिल्या खेपेला क्षणभर झोपीही गेले होते, ती या रूपकात कोठे येत नाही. शेवटी देहच आपल्या हातून कारभार काढून घेतो आणि जोर करावयाचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, तेही येत नाही. तेव्हा माझ्या त्या प्रस्तावनेची नवी आवृत्ती निघाली, तर ते वाक्य मी काढून टाकीन आणि ‘या अनुवादाला मला फार श्रम पडले’ एवढेच लिहीन. हिब्रू शब्दाचा तो अर्थ सिम्प्सन यांनी आदामाला आणि हव्वेला सारखाच लावला होता; माझ्या कामाला तो पुरेसा आहे.