कापरेकरांचा बायोडेटा

जन्म 17 जानेवारी 1905, डहाणू. शाळा ठाण्यात. कॉलेज फर्ग्युसन, पुणे. 1927 साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. 1929 साली मुंबई विद्यापीठाची पदवी. पदव्युत्तर शिक्षण नाही. नोकरी : देवळालीत शाळामास्तर, 1930 ते 1962.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा बायोडेटा एवढाच. आज हा अर्ज कुठल्याही पीएचडीच्या पहिल्या चाळणीत गळून पडेल.

मी विरारला राहते आणि गणितशिक्षणात पीएचडी करते. त्याआधी सहा वर्षं इथल्याच एका शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. प्रवेशअर्जात ‘शैक्षणिक आणि व्यावसायिक पार्श्वभूमी’ असा एक रकाना होता. पदव्या लिहायला दोन मिनिटं लागली. सहा वर्षांच्या शिकवण्याला मात्र एकच ओळ दिली होती. वर्गात जे कळलं ते त्या ओळीत कसं बसवायचं, या प्रश्नापाशी मी अडकले आणि कापरेकरांचा शोध घ्यायला लागले. विरारहून डहाणूला 2013 पासून लोकल जाते. डहाणू आणि आमचं वसई-विरार 2014 पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. म्हणजे ते तसे आमच्याच लाइनवरचे.

त्यांचं काम समजायला फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. सगळे आकडे सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या. त्यांचं जन्मसाल 1905 घेऊ. आकडे उतरत्या क्रमानं लावा : 9510. चढत्या क्रमानं लावा : 0159. वजाबाकी करा : 9351. पुन्हा तेच करा. 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि मग 6174. इथून पुढे कितीही वेळा केलंत तरी 6174च येतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी इथेच येऊन थांबते. हा ‘कापरेकर स्थिरांक’. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला.

हे हिशोबाचं वेड घरातूनच आलं होतं. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच. पुढे कॉलेजात असताना मिळालेलं पारितोषिक ज्यांच्या नावाचं होतं, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डीचा तो मुलगा फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. डहाणूच्या मुलाला त्यांच्या नावाचं बक्षीस मिळालं, पण पुढची वाट मिळाली नाही. ते देवळालीला गेले आणि बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिले.

नोकरी करत असताना त्यांचं गणित चालूच होतं. ‘डेम्लो संख्यां’वरचा त्यांचा लेख 1938 साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. 165 बघा : टोकाच्या 1 आणि 5ची बेरीज मधला 6. 2553मध्ये 2 आणि 3 मिळून 5. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन. आजचं डोंबिवली ते हेच, असं मानतात. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून स्टेशनचंच नाव दिलं. गाडीची वाट बघत फोन चाळणाऱ्या आपल्याला यातलं निदान वाट बघणं तरी ओळखीचं वाटेल.

त्या काळच्या अनेक भारतीय गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटलं. त्यांच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. 6174ची गंमत आपण दहाच्या पद्धतीत आकडे लिहितो म्हणून घडते. लिहिण्याची पद्धत बदलली की ही संख्या हातातून निसटते. विद्यापीठातलं गणित लिखाणाच्या पलीकडची रचना शोधतं. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण त्यातून ‘म्हणून हे गणितच नाही’ असा निष्कर्ष निघाला, तिथे गडबड झाली. कापरेकर आपली पुस्तकं ‘खासगी छपाई, देवळाली’ असं लिहून स्वतःच छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या. मार्च 1975मध्ये मार्टिन गार्डनरनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि सत्तरीत हा माणूस जगभर पोहोचला. 1986 साली ते गेले.

या गोष्टीतलं माझ्या कामाचं साल मात्र त्याच्या आदल्या वर्षाचं आहे. 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. मूल गणित कसं शिकतं, कुठे अडखळतं, हाही संशोधनाचा विषय आहे, असं म्हणणारी जागा आपल्याकडे तयार झाली. तेव्हा कापरेकरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती.

‘गणित झालंय ना तुझं, मग गणितशिक्षण कशाला?’ असं मला घरच्या प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतं. तेव्हा मी 2019ची आठवण देते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं आणि महाराष्ट्रभर थट्टा झाली. समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, स्वतः संख्याशास्त्रात नव्हे, तर संख्यांच्या सिद्धांतात पीएचडी केलेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : मूल ‘एकवीस’ ऐकतं तेव्हा एक आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा असतो. आमच्या वर्गात घरी कादोडी, गुजराती, हिंदी, मराठी बोलणारी मुलं एका बाकावर बसायची. त्र्याऐंशी आणि अडतीस यांची अदलाबदल मी फळ्यासमोर उभी राहून रोज बघितली आहे. तो मुलांचा ढपणा नाही. तिथे भाषा आणि लिखाण एकमेकांच्या उलट दिशेनं चाललेले असतात. हे ओळखायला गणित यावं लागतं आणि वर्गही माहीत असावा लागतो.

कापरेकरांकडे दोन्ही होतं. त्यांच्या काळात या दोन्हींची बेरीज मांडायला रकाना नव्हता. गणितज्ञांच्या लेखी ते मास्तर, आणि मास्तरकीच्या लेखी त्यांचं गणित म्हणजे फावल्या वेळचा छंद.

आज त्यांच्यावरच्या पोस्ट फिरतात, त्यात ‘स्वयंभू प्रतिभा’ हा शब्द हमखास असतो. गंमत म्हणजे ‘स्वयंभू’ या शब्दाला त्यांनीच गणितात काटेकोर अर्थ दिला आहे. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा : 15 + 1 + 5 = 21. म्हणजे 15 ही 21ची जनक. 20ला असा जनक शोधून बघा, सापडणार नाही. म्हणून 20 स्वयंभू. आणि काही संख्यांना दोन-दोन जनक असतात. 91 + 9 + 1 = 101, आणि 100 + 1 = 101. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘जंक्शन’.

त्यांच्याच व्याख्येनं बघितलं तर कापरेकर स्वयंभू ठरत नाहीत. पत्रिका मांडणारे वडील, ठाण्याची शाळा, परांजप्यांच्या नावाचं बक्षीस, लेख छापणारं नियतकालिक, मद्रासची परिषद : जनक बरेच सापडतात. स्वयंभू म्हटलं की दार उघडणाऱ्यांचं श्रेय जातं, आणि ज्यांनी उघडलं नाही त्यांना कोणी काही विचारत नाही. देवळालीतल्या बत्तीस वर्षांत एकाही विद्यापीठाला त्यांच्यासाठी वर्षभराची जागा करता आली असती, तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

वसई रोड हे जंक्शन आहे. इथून फुटणारी दिव्याची गाडी कोपरला थांबते, आणि तिथून डोंबिवली, म्हणजे कापरेकरांचं डेम्लो, पुढचंच स्टेशन. अर्जातल्या त्या एका ओळीत मी शेवटी लिहिलं : सहा वर्षं गणित शिकवलं, आणि मुलं कुठे अडतात याच्या नोंदी ठेवल्या. माझ्या संशोधनाचा प्रश्न त्याच नोंदींतून आला आहे.