‘तंजावरचे विद्यापीठ’: एक तळटीप

१. ‘तंजावरचे विद्यापीठ’ हा लेखकाचा शब्द सैल आहे. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी चालवली ती ‘नवविद्या कलानिधी शाळा’. पदव्या देणारे विद्यापीठ ते नव्हे. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, वाडा आणि पेन्शन उरली. शाळेशी जोडलेला देवनागरी छापखाना १८०५च्या सुमारास सुरू झाला. तिथे १८०६ साली छापलेली ‘बालबोध मुक्तावली’ म्हणजे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप. त्या वेळी पुण्यात पेशवाई होती, हे ध्यानात घ्यावे! पाश्चात्त्य वैद्यक आणि देशी औषधे, संस्कृत आणि इंग्रजी, हे सारे राजांना एकाच दरबारात हवे होते.

१८५५ साली संस्थान खालसा झाले. दोनच वर्षांनी लंडनच्या धर्तीवर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठे निघाली. आरंभी त्यांचे काम परीक्षा घेण्याचे, शिकवीत कॉलेजे. आजच्या संलग्न महाविद्यालयांच्या पसाऱ्याचे मूळ इथे आहे, सरफोजींच्या वाड्यात नाही.

तंजावरला खरे विद्यापीठ आले ते १९८१ साली, आणि तेही तमिळ विद्येसाठी. गंमत अशी की भोसल्यांच्या दरबारातील मोडी कागदांचे तमिळ भाषांतर याच विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मोडी न येणाऱ्या मराठी अभ्यासकाने आता आधी तमिळ शिकावे. –संपा.