स्टुडिओ मॉनिटर

स्टुडिओ मॉनिटर हा ध्वनिमुद्रण तपासताना आणि त्याचे मिश्रण करताना वापरला जाणारा स्पीकर होय. घरगुती संगीत यंत्रणेतील स्पीकर श्रवण सुखद व्हावे म्हणून खर्ज किंवा तार स्वर बहुधा उठावदार करतो. मॉनिटरकडून मात्र मूळ ध्वनी शक्य तितका जसाच्या तसा ऐकवण्याची अपेक्षा असते. खर्ज वाढवणाऱ्या स्पीकरवर मिश्रण केल्यास ध्वनिमुद्रक खर्ज कमी ठेवतो आणि तेच गीत इतरत्र पोकळ वाटते.

इतिहास

ब्रिटिश नभोवाणी संस्था बीबीसीने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी 'एलएस३/५ए' हा लहान मॉनिटर विकसित केला. जपानच्या यामाहा कंपनीचा 'एनएस-१०' १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला. पण १९८० च्या दशकात तो जगभरच्या स्टुडिओंत रूढ झाला. मिश्रणातील दोष त्यावर स्पष्ट ऐकू येत, हे त्याचे प्रमुख कारण होते. त्याचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. भारतात कोलकात्याची सोनोडाइन ही कंपनी स्टुडिओ मॉनिटर तयार करते.

प्रकार

ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो सक्रिय मॉनिटर आणि ज्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो तो निष्क्रिय मॉनिटर. घरगुती मांडणीत सक्रिय प्रकार सोयीचा ठरतो. सुमारे एक मीटर अंतरावरून ऐकण्याच्या मॉनिटरला निकटक्षेत्र मॉनिटर म्हणतात. त्यात खर्जासाठी वूफर व तार स्वरांसाठी ट्वीटर असतो.

निवड

व्यावसायिक स्टुडिओ मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ध्वनिमुद्रण करणाऱ्यास राहत्या खोलीचाच आधार असतो. म्हणून निवडीचा विचार खोलीपासून सुरू करणे इष्ट. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीत समांतर भिंतींमुळे सुमारे ५६ व ४७ हर्ट्झ या वारंवारितांना आणि त्यांच्या पटींना ध्वनी घुमतो. त्यामुळे काही जागी खर्ज फुगतो, तर काही जागी नाहीसा होतो. अशा खोलीत आठ इंची वूफरचा मॉनिटर हा घुमारा अधिक चेतवतो. पाच इंची वूफर तेथे सामान्यतः पुरेसा असतो.

मॉनिटर पारखताना परिचित ध्वनिमुद्रण मध्यम आवाजात ऐकावे. तंबोऱ्याची जवारी, टाळांची किणकिण, ढोलकीच्या खर्ज बाजूचा ठोका आणि गायकाच्या शब्दांतील 'स', 'श' यांचे उच्चार वेगवेगळे ओळखू येतात का, हे पाहावे. तुलना करताना दोन्ही मॉनिटरचा आवाज समान ठेवणे आवश्यक आहे. अधिक मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला उगाचच सरस वाटतो. मॉनिटर बहुधा एकेक विकले जातात. म्हणून सांगितलेली किंमत एकाची की जोडीची, हे विचारून घ्यावे.

मांडणी

दोन मॉनिटर आणि श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा व ट्वीटर कानांच्या उंचीवर यावेत. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवल्यास खर्ज वाढतो. अनेक मॉनिटरच्या मागे तो कमी करण्याची कळ असते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींवरून ध्वनी परावर्तित होतो. बाजूच्या भिंतींवर जाड गोधड्या टांगल्याने तार स्वरांचे परावर्तन घटते, पण खर्जावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. त्यासाठी कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्यास काही अंशी उपयोग होतो. अंड्यांचे पुठ्ठे खर्ज शोषत नाहीत.

वीजपुरवठा

भारतात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. परदेशी बनावटीच्या मॉनिटरवर व्होल्टेज निवडण्याची कळ असल्यास ती जोडणीपूर्वी तपासावी. अर्थिंग सदोष असल्यास ५० हर्ट्झ व त्याच्या पटींची गुणगुण ऐकू येते. लोडशेडिंगच्या वेळी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमुळेही अशी गुणगुण येऊ शकते. साइन वेव्ह इन्व्हर्टर अधिक योग्य. संतुलित केबलने बाहेरचा विद्युत गोंगाट कमी होतो.

मर्यादा

आवाज लहान असताना मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यामुळे मिश्रण करताना आवाजाची पातळी शक्यतो एकच ठेवतात. कोणताही मॉनिटर खोलीचे दोष पूर्णतः दूर करू शकत नाही. म्हणून तयार मिश्रण हेडफोन, मोबाइल आणि गाडीतील स्पीकरवरही ऐकून पाहण्याची पद्धत आहे.