तेहरानची मुले

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा होऊन सोव्हिएत रशिया व इराणमार्गे १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोहोचलेली ज्यू मुले. त्यांची संख्या सुमारे ८७० होती. प्रवासातील दीर्घ मुक्कामामुळे त्यांना तेहरानचे नाव चिकटले. इराणशी त्यांचा अन्य संबंध नव्हता.

पार्श्वभूमी : सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. जर्मनांच्या तडाख्यातून सुटण्यासाठी अनेक ज्यू कुटुंबे सोव्हिएत हद्दीत पळाली. सोव्हिएत नागरिकत्व नाकारणाऱ्यांना १९४० मध्ये सायबेरिया व उत्तर रशियातील वसाहतींत धाडून लाकूडतोडीस जुंपण्यात आले. ही हद्दपारीच पुढे त्यांच्या पथ्यावर पडली. कारण जून १९४१ मध्ये जर्मन फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्यावर तेथे मागे राहिलेल्या बहुतेक ज्यूंची कत्तल झाली.

जुलै १९४१ मधील पोलिश-सोव्हिएत करारानुसार या हद्दपारांची सुटका झाली. उबेच्या शोधात ते उझबेकिस्तान व कझाकस्तानकडे निघाले. परंतु तेथे उपासमार आणि प्रलापक सन्निपात ज्वराची साथ यांनी अनेकांचा बळी घेतला. तेथील पोलिश अनाथालयांत निदान पाव मिळे आणि देशाबाहेर पडण्याची आशाही असे. म्हणून काही आईबापांनी काळजावर दगड ठेवून मुलांना तेथे सोडले. त्यामुळे या मुलांपैकी सगळीच पोरकी नव्हती.

इराणमधील मुक्काम : जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ च्या वसंतात व ऑगस्टमध्ये एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून क्रास्नोव्होड्स्कहून इराणच्या पहलवी बंदरात (आताचे बंदर-ए-अंजली) उतरले. ही मुले त्यांतच होती. पोलिश अनाथालयांत इतर मुलांकडून होणाऱ्या छळामुळे काहींनी आपले ज्यूपण लपवले होते. पॅलेस्टाइनमधील ज्यूंची प्रतिनिधी संस्था असलेल्या ज्यू एजन्सीने तेहरानजवळ त्यांच्यासाठी वेगळे बालगृह उघडले. मुले तंबूंत राहत. रोज पाव मिळू लागला तरी उद्याची खात्री नसल्याने अनेक मुले त्याचे तुकडे उशाखाली दडवून ठेवीत.

पुढील प्रवास : इराकने आपल्या हद्दीतून जाण्यास परवानगी नाकारल्याने सरळ खुष्कीचा मार्ग बंद झाला. जानेवारी १९४३ मध्ये ७१६ मुले व त्यांचे काळजीवाहक आगगाडीने इराणी आखातावरील बंदर शाहपूरला गेले. तेथून ‘डुनेरा’ जहाजाने कराची, मग दुसऱ्या जहाजाने सुएझ आणि शेवटी आगगाडीने सिनाई ओलांडून १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ही तुकडी हैफाजवळील अतलीत येथे पोहोचली. वाटेतल्या स्थानकांवर लोकांनी संत्री व मिठाई देऊन त्यांचे स्वागत केले. त्या वेळच्या छायाचित्रांत सोला हॅट घातलेली मुले दिसतात. सुमारे ११० मुलांची दुसरी तुकडी मात्र ऑगस्ट १९४३ मध्ये इराकमार्गे आली.

पुनर्वसन : ज्यू मुलांना पॅलेस्टाइनमध्ये आणून वसवणाऱ्या युवा आलिया या संस्थेच्या प्रमुख हेन्रिएटा सोल्ड यांच्याकडे, वयाच्या ८२ व्या वर्षी, ही जबाबदारी आली. मुलांना धार्मिक शिक्षण द्यावे की निधर्मी किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवसाहतीत) वाढवावे, यावरून सनातनी पक्ष व ज्यू एजन्सी यांच्यात कडाक्याचा वाद झाला. अखेर चौदा वर्षांवरील मुलांना निवडीची मुभा मिळाली. लहानांच्या बाबतीत आईवडिलांच्या घरचे आचार पाहण्याचे ठरले. काही मुले पुढे १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धात मरण पावली. १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धात गोलान आघाडीवर इस्राएलच्या सातव्या चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करणारे अविग्दोर बेन-गल आणि नाटककार बेन-झिऑन तोमेर हे तेहरानच्या मुलांपैकीच होत.

इराणमार्गे बाहेर पडलेले इतर पोलिश निर्वासित अनेक देशांत विखुरले. त्यांच्यापैकी सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते.

मूल्यमापन : नाझी राजवटीत यूरोपात सुमारे १५ लाख ज्यू मुले मारली गेली. त्या तुलनेत ८७० ही संख्या नगण्य आहे. तरीही ज्यू संहाराच्या काळात पॅलेस्टाइनला सुखरूप पोहोचलेल्या मुलांच्या मोठ्या गटांत त्यांची गणना होते. जर्मन छळातून निसटलेली ही मुले वाचली ती मुख्यतः सोव्हिएत हद्दपारीमुळे. कोणत्याही एका योजनेला त्यांच्या बचावाचे सर्व श्रेय देता येत नाही.